बूट दिसतील असा फोटो

कास्तेलो ब्रांको
रविवार, २१ एप्रिल १९६८
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

आदरणीय सेन्योर बेलार्मिनो यांना,

सविनय नमस्कार.

आज दुकान बंद आहे. बेतायच्या टेबलावरचा खडू पुसून आणि दोन्ही हात साबणाने धुऊन मी हे पत्र लिहायला बसलो आहे. याआधी तीन कागद वाया गेले. हा चौथा वाया जाणार नाही असे धरून चालतो.

माझे नाव झेफेरीनो. वय चोवीस. गाव वर उत्तरेला, मिरांदाच्या पलीकडे. इथे येऊन सात महिने झाले. आर्लिंदोमास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात मी बेतणारा आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, ती परीक्षा पास आहे. दोन वर्षे लुआंडात फौजेचे गणवेश शिवले. कर्ज नाही, दारू सणासुदीला, सिगारेट नाही. तुमच्या पत्नी दोना ग्रासिंदा यांनी गेल्या ऑक्टोबरात आपला हिवाळी कोट उलटवायला, म्हणजे झिजलेली बाजू आत घ्यायला, आमच्या दुकानात आणला, तेव्हा सोबत तुमची कन्या ओतीलिया होती. कोट चार दिवसांत तयार झाला होता. तो न्यायला त्या दोघी पाच वेळा आल्या. यात माझा काही दोष असेल तर क्षमा असावी.

तुमच्या पत्रातला माझ्याविषयीचा भाग ओतीलियाने मला वाचून दाखवला. तुम्ही लिहिले होते, "मुलगा काय करतो ते कळलं. तो दिसतो कसा ते मला बघू द्या. फोटो उभा हवा, बूट दिसतील असा. बसल्यावर सगळी माणसं सारखीच. आणि आधीच सांगून ठेवतो, माझी पोर उंच आहे. ठेंगणा जावई मी करणार नाही." वाचून झाल्यावर ओतीलियाने कागदाची घडी घातली आणि ती माझ्याकडे न बघता भरतकामाच्या सुईत रेशीम ओवायला लागली.

म्हणून ईस्टरच्या सोमवारी आम्ही बिशपांच्या महालाच्या बागेत गेलो. आम्ही म्हणजे दोना ग्रासिंदा, ओतीलिया आणि मी. दोना ग्रासिंदा सगळा वेळ मधून चालत होत्या. बरोबर पाव, मेंढीचे चीज, ऑलिव्ह आणि सणाचा उरलेला गोड पाव होता. बाग मी पहिल्यांदाच पाहिली. तिथली हिरवी कुंपणे इतकी सरळ कातरली आहेत की टेप खिशात असती तर लावून पाहिली असती. दगडी माणसे तर किती आहेत. बारा महिने उभे आहेत, सद्गुण उभे आहेत, मरण, न्याय, नरक आणि स्वर्गही उभे आहेत. ओतीलिया म्हणाली, फोटो स्वर्गाशेजारी काढू. दोना ग्रासिंदा म्हणाल्या, "तिथं जायची इतकी काय घाई?"

फोटोवाले युरिको तिवई खांद्यावर घेऊन आले होते. त्यांनी मला राजांच्या जिन्यावर नेले, तिथे कडेने राजांचे पुतळे ओळीने उभे आहेत. आधी एका मोठ्या राजाशेजारी उभे केले. बघितले, मान हलवली, उजेड बरोबर नाही म्हणाले. मला तर उजेड सगळीकडे सारखाच वाटत होता. मग दोना ग्रासिंदांनी पंख्याने जिन्याच्या मधल्या भागाकडे दाखवले आणि म्हणाल्या, "याला फिलिपेपाशी उभा कर. फिलिपे आमच्या घराला लाभतो." मी पायरीवर फिलिपे राजाच्या शेजारी उभा राहिलो. युरिको काळ्या कापडाखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. कापड हलत होते. त्यांना खोकला झाला असावा.

तिथले मधले दोन-तीन राजे मला बाकीच्यांपेक्षा लहान वाटले. कापड कमी पडले की एखादा नग आखूड निघतो. तसा तिथे दगड कमी पडला असावा.

फोटो सोबत जोडला आहे. बूट दिसत आहेत. फोटोत राजा पाच सेंटिमीटर दोन मिलिमीटर भरतो आणि मी सात सेंटिमीटर. उंचीविषयी मी अधिक लिहीत नाही, फोटो समोर आहेच.

ओतीलियाचा हात मी तुमच्याकडे रीतसर मागतो आहे. तुमच्या शब्दाशिवाय ती पाऊल उचलणार नाही, आणि मीही तिला तसे करू देणार नाही.

आपला नम्र,
झेफेरीनो


शांपिन्यी
मेचा पहिला रविवार

झेफेरीनो,

पत्र पोचलं. फोटो पोचला. इथे पॅरिसजवळ आमच्या फळ्यांच्या खोलीत आम्ही सहा जण राहतो, त्यातले चौघे आपल्या कास्तेलो ब्रांकोचे. फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. चौघे हसले. का हसले ते मी विचारलं नाही.

तू राजापेक्षा उंच आहेस हे बघून बरं वाटलं. फिलिपेच्या शेजारी उभं राहून त्याच्या डोक्यावरून बघणं ही काही लहान गोष्ट नाही. माझे डोळे आता सिमेंटनं गेलेत, तरी एवढं दिसलं. कोट चांगला आहे. तूच शिवलास का? खांदा कुठे ओढत नाही.

आता कामाचं. मी गावाबाहेर घर बांधतोय, तुला ओतीलियानं दाखवलं असेल. भिंती उभ्या आहेत, चौकटी अजून बसायच्या आहेत. पुढचं दार मी एक मीटर पंचाण्णवचं सांगितलं होतं. पण तुझ्यासारखा माणूस घरात यायचा म्हणजे त्याचं डोकं आपटायला नको. सुताराला सांगून दहा-पंधरा सेंटिमीटर वाढवून घेतो. लाकडाचे पैसे जास्त पडतील, पण पडू देत. तुझी नेमकी उंची कळव, म्हणजे एकदाच काय ते होईल. उलट टपाली कळव. सुतार थांबत नाही.

हात मागितलास ते वाचलं. आधी दार, मग हात.

बेलार्मिनो

ता. क. दगड कमी पडला असावा, हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचून दाखवलं. परत मागणी झाली.


कास्तेलो ब्रांको
सोमवार, १३ मे १९६८
दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे

आदरणीय सेन्योर बेलार्मिनो यांना,

सविनय नमस्कार.

जेवणाच्या सुटीत लिहितो आहे. कोबीचे सूप समोर आहे, ते गार झाले.

कृपा करून दार वाढवू नका. सुताराला अजून सांगितले नसेल तर सांगू नका. सांगितले असेल तर हे पत्र हाती पडताच त्याला थांबवा. लाकडाला करवत लागली असेल तर ते पैसे मी देईन.

तुमचे पत्र शुक्रवारी पोचले. ते वाचून मी ओतीलियाला विचारले की चौघे का हसले असतील. ती इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. बरेच महिने ती एका रेशमी पलंगपोसावर दोन पक्षी भरते आहे. तो पलंगपोस कोणासाठी हे मी अजून विचारलेले नाही. मग काल रविवारी ती मला परत बागेत घेऊन गेली. दोना ग्रासिंदा याही वेळी मधून चालत होत्या. राजांच्या जिन्यावर पोचल्यावर ओतीलियाने मला पहिल्या राजापासून खालपर्यंत चालायला लावले आणि विचारले, "आता सांग, दगड कुठं कमी पडला?"

मग तिने सांगितले. फिलिपे तिघेही स्पेनचे. साठ वर्षे ते इथले राजे होते. पुढे बिशपांनी बाग केली तेव्हा आपले राजे पुरे घडवले आणि या परक्यांना मुद्दाम आखूड ठेवले, म्हणजे जो येईल तो बघेल आणि हसेल. आम्ही उत्तरेकडची माणसे, आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. मी मात्र त्याच फिलिपेशेजारी छाती काढून उभा राहिलो, फोटो काढला आणि तो तुम्हाला पाठवून दिला, जे त्याच बागेच्या भिंतीपलीकडे लहानाचे मोठे झाले.

म्हणजे तुम्ही फोटो बघताच सगळे ओळखले असेल. किंवा सिमेंटमुळे ओळखले नसेल. कसेही असले तरी फोटोत जो माणूस दिसतो तो मी नाही.

माझी उंची एक मीटर सत्तावन्न सेंटिमीटर, अनवाणी. आर्लिंदोमास्तरांनी दाराच्या चौकटीला टेकवून मोजली, शनिवारी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सकाळी अर्धा सेंटिमीटर जास्त भरते, पण ती धरू नये. बुटाची टाच अडीच सेंटिमीटर. ओतीलिया एक मीटर अडुसष्ट. तिने स्वतः सांगितले, आणि त्यावर "मी वाकून चालणार नाही" असेही म्हणाली.

फिलिपेविषयी मला माहीत नव्हते, हे खरे आहे. पण दुसरी गोष्टही खरी आहे. पहिले पत्र लिहिताना टेप माझ्या गळ्यात होती. मी फोटो मोजला, राजा मोजला आणि स्वतःचे माप मात्र लिहिले नाही. "फोटो समोर आहेच" असे लिहून वेळ मारून नेली. तो दोष फिलिपेचा नाही.

तुम्ही ठेंगणा जावई करणार नाही असे स्पष्ट लिहिले होते. मी ठेंगणा आहे. त्यावर माझ्यापाशी इलाज नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी त्या घरी जायचे थांबवीन. हो म्हणालात तर मी तिला काही कमी पडू देणार नाही, उंची सोडून.

आपला नम्र,
झेफेरीनो


कास्तेलो ब्रांको
रविवार, २ जून १९६८
दुपारचे तीन

आदरणीय सेन्योर बेलार्मिनो यांना,

सविनय नमस्कार.

वीस दिवस झाले. उत्तर नाही.

टपाल कचेरीतला कारकून म्हणतो, फ्रान्समध्ये संपामुळे सगळे बंद आहे, तिकडच्या थैल्या पडून आहेत, अठरा तारखेपासून. मी हिशेब केला. माझे पत्र तेराला टपालात पडले. एरवी चार दिवस लागतात. म्हणजे सतराला, बंद होण्याच्या आदल्या दिवशी, ते तुम्हाला पोचले. तुम्ही ते वाचले आणि उत्तर लिहिले नाही. कारकुनाला मी हे समजावून सांगितले. तो म्हणाला, "तू शिंपी आहेस ते बरं आहे, टपालात असतास तर वेडा झाला असतास."

मी तुमच्या घरी जाणे थांबवले आहे. दोन रविवार कोपऱ्यावरच्या कारंज्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. पहिल्या रविवारी दोना ग्रासिंदांनी खिडकीतून पाहिले आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या रविवारी शेजारणीकडून निरोप आला की सूप जास्त झाले आहे, ते काय कारंज्यात ओतू?

मी गेलो नाही. तुमच्या शब्दाशिवाय जाणार नाही, हे इथे लिहून देतो.

गुरुवारी ओतीलिया दुकानात आली. अंगातल्या जाकिटाचे एक बटण तोडून तिने टेबलावर ठेवले आणि मास्तरांसमोर म्हणाली, "हे लावून दे. आणि लावताना ऐक. वडील माझे आहेत. राग आला असता तर त्यांनी तो मला कळवला असता, तुला नाही." मी म्हणालो की त्यांना राग आला असेल तरच ते गप्प बसतील. ती म्हणाली, आई सांगते की त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो. आईला लग्नाचे विचारायला त्यांनी अकरा महिने घेतले. तेसुद्धा शेवटी आईनेच विचारले.

बटण लावले. पैसे घेतले नाहीत. ते बटण सैल झालेले नव्हते, हे मास्तरांनीही पाहिले.

हे पत्र थैलीत किती दिवस पडेल माहीत नाही. फोटो परत पाठवायचा असेल तर पाठवावा. फाडला असेल तर तेही समजून घेईन. पण दाराचे काय झाले, एवढे मात्र कळवावे. मला झोप लागत नाही.

आपला नम्र,
झेफेरीनो


शांपिन्यी
रविवार, १६ जून

झेफेरीनो,

तुझा हिशेब चुकला. तुझं तेराचं पत्र सतराला नाही, अठराला पॅरिसात आलं आणि थैलीत झोपून राहिलं. परवा टपालवाल्यानं मला एकदम पाच पत्रं दिली. तुझी दोन, बायकोचं एक, पोरीचं एक, आणि सुताराचं एक. सुतार विचारतो, दाराचं काम कधी देता. म्हणजे बघ, त्याला मी काही सांगितलंच नव्हतं.

इथं सगळं थांबलं होतं. गाड्या थांबल्या, टपाल थांबलं, आमचं बांधकाम थांबलं. पोरं रस्त्यावर भाषणं ऐकायला गेली. मी तीन आठवडे बटाटे सोलले, पत्ते खेळलो आणि अकरा फ्रँक हरलो. आता परत कामावर लागलो.

दाराचं मी तुझी गंमत करायला लिहिलं होतं. फोटो पाकिटातून अर्धा बाहेर आला तेव्हाच मी फिलिपेचं नाक ओळखलं. लहान होतो तेव्हा त्या बागेच्या भिंतीवरून मी संत्री चोरायला उतरायचो. पाय ठेवायचा तो फिलिपेच्या खांद्यावर. बाकीचे राजे मला उंच पडायचे. तेव्हा मला माणूस नीट ओळखता येतो, सिमेंट गेलं खड्ड्यात.

गंमत करायची, तू एक-दोन पत्रं फुशारकी मारशील, मग ऑगस्टात येऊन तुला फिलिपेशेजारीच पकडायचं, असा बेत होता. पण तुझं ते तेराचं पत्र आलं. उंचीवर सव्वा पान. सकाळी अर्धा सेंटिमीटर जास्त भरतो तोही लिहिलास आणि धरू नका म्हणालास. मी खोलीत कोणाला वाचून दाखवलं नाही. घडी करून खिशात ठेवलं. असा माणूस माझ्या पोरीला फसवायचा नाही. त्याला ते जमायचंच नाही.

आता शिंपीकाम. माझे इथल्या रहिवासाचे कागद झाले. सहा वर्षांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरी येतोय. चर्चमध्ये घालायला माझ्याजवळ धड कपडा नाही. कोट-पॅन्ट शिव. कापड कोविल्यांच्या गिरणीचं घे, गडद करडं, उंची लोकरीचं. माप सोबतच्या कागदावर आहे. बरोबरच्या माणसानं गवंडीकामाच्या पट्टीनं घेतलंय, दोनदा. आकडे बरोबर आहेत, तू आपल्या मनानं वाढवू नकोस.

साडेसातशे एस्कुदोंची मनीऑर्डर करतोय. कापड तीन मीटर वीस घे, दुकानदार उंच माणसाला देतो तेवढं. मी त्याच्याकडून कधी कमी मागितलेलं नाही आणि आता मागणार नाही. उरेल त्यात तुझं जाकीट कर. फिलिपेच्या खांद्याशी तुझा खांदा बघितलाय मी, पुरेल.

ठेंगणा जावई करणार नाही असं मी लिहिलं होतं खरं. का लिहिलं ते पत्रात लिहिता येत नाही. तू शिंपी आहेस, मापावरून कळेल.

दार एक मीटर पंचाण्णवच राहू दे. आमच्या घरात आजवर कोणाचं डोकं आपटलेलं नाही.

बेलार्मिनो

छाती १०१. कंबर ९१. खांदा ४५. बाही ५४. कोटाची लांबी ६५. पॅन्ट बाहेरून ९०, आतून ६७.


कास्तेलो ब्रांको
रविवार, २३ जून १९६८
दुपारचे चार वाजून वीस मिनिटे

आदरणीय सेन्योर बेलार्मिनो यांना,

सविनय नमस्कार.

आज संत जुआंवची पूर्वसंध्या. बाहेर पोरे होळीसाठी लाकडे ओढत आहेत आणि मी तुमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, हे पत्र लिहितो आहे. समोर ओतीलिया बसली आहे. पत्र वाचू नकोस असे तिला सांगितले आहे. ती उलटे वाचते आहे.

शुक्रवारी तुमचे पत्र आले. शनिवारी मनीऑर्डर आली. मी लगेच बाजारात जाऊन कापड घेतले आणि तुमचे माप कागदावर मांडायला बसलो. आधी कोट काढला. तो आखूड वाटला. मग पॅन्ट काढली. आतली लांबी सदुसष्ट. मला वाटले गवंडीकामाची पट्टी झिजली असेल, किंवा तुमच्या माणसाने सत्त्याहत्तरच्या जागी सदुसष्ट लिहिले असेल. तुम्ही आकडे वाढवू नकोस लिहिले होते म्हणून मी वाढवले नाहीत, पण खडूही चालवला नाही. तीनदा मोजले. मग कागद आर्लिंदोमास्तरांना दाखवला. मास्तर चाळीस वर्षे या गावात माप घेत आहेत. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. जा, तुझ्या सासूला विचार."

सासू हा शब्द मास्तरांचा आहे. मी तो जसाच्या तसा लिहिला.

मी शब्द मोडून तुमच्या घरी आलो. तुमचे पत्र हाती असल्यामुळे तो मोडला असे होत नाही, हे मी वाटेत ठरवले. दोना ग्रासिंदांपुढे मापाचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. कपाट उघडले, चादरींच्या खालून एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. मागे १९४३ लिहिले आहे आणि युरिकोंचा शिक्का आहे. फोटोत राजांचा जिना आहे. पायरीवर नवा कोट घातलेला एक तरुण माणूस छाती काढून उभा आहे. शेजारी फिलिपे आहे, तोच, त्याच नाकाचा. तरुण माणूस राजापेक्षा चांगला उंच दिसतो. बूट दिसत आहेत.

मी विचारले, हा फोटो भिंतीवर का नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला आवडत नाही म्हणून. मग त्यांनी बाकीचे सांगितले. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात कोणीतरी ओरडले होते की नवऱ्या मुलाला स्टूल आणा. सगळे हसले. तुम्ही ते ऐकलेत आणि पंचवीस वर्षे मनात ठेवलेत. ओतीलिया उंच झाली तेव्हा तुम्ही ठरवलेत की चर्चच्या दारात तिला तसले काही ऐकावे लागू नये.

मी दोना ग्रासिंदांना विचारले की त्यांना त्या दिवशी काय वाटले. त्या जे बोलल्या ते मी जसेच्या तसे लिहितो. ते तुम्ही कधी ऐकलेले नाही, असे त्याच म्हणाल्या.

"मला स्टुलाचं काही ऐकूच आलं नाही. मी याच्या बुटांकडे बघत होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मला वाटत होतं, हा आता पडणार आणि मला याला सगळ्यांसमोर धरावं लागणार. धरायला मिळेल म्हणून मी वाट बघत होते."

फोटोत डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे. मी भिंग लावून पाहिले. लग्नाच्या आधीच्या आठवड्यातला फोटो आहे. म्हणजे तुमची नाडी नेहमीच सुटत असावी.

मग मी विचारले की तुम्ही पत्रात कुठेही "हो" लिहिलेले नाही, त्याचे काय करायचे. ओतीलिया म्हणाली, "बाबांनी आयुष्यात आजवर कोणा शिंप्याला माप दिलेलं नाही. तयार घेतात आणि आई खालून दुमडते. तुला अजून काय हवं?"

त्यानंतर मी सूप प्यायलो. दोन वाट्या.

दोना ग्रासिंदा पाद्रीबाबांशी बोलल्या आहेत. लग्न शनिवार, २४ ऑगस्टला. पलंगपोसाचे दोन्ही पक्षी पुरे होत आले, एकाची शेपटी राहिली आहे. तो कोणासाठी हे मी आज विचारले. ओतीलियाने सुई दाखवली आणि म्हणाली, अजून एकदा विचारलेस तर टोचीन.

युरिकोंशीही बोलणे झाले. रविवार, ११ ऑगस्टला, सकाळी दहा वाजता, बागेत, राजांच्या जिन्यावर. मधे फिलिपे, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी. युरिको म्हणाले, या वेळी कापडाखाली जाण्याआधीच हसून घेतो. दोना ग्रासिंदांनी भिंतीवर खिळा आजच मारून ठेवला आहे. तिथे दोन फोटो मावतील एवढी जागा सोडली आहे.

तुमचे माप दुकानाच्या वहीत लिहिलेले नाही. वेगळ्या कागदावर आहे, तो माझ्या पाकिटात राहील. चर्चच्या दारात कोणी स्टूल मागितलेच तर दोन मागावी लागतील. मग बघू कोण हसते.

कोट आणि पॅन्ट तुमच्या आकड्यांप्रमाणेच बेतली आहे. एक सेंटिमीटरही वाढवलेला नाही. पॅन्टला खाली दुमड येणार नाही.

आपला नम्र,
झेफेरीनो

हिशेब:

मनीऑर्डर जमा: ७५०.०० एस्कुदो.
कापड, गडद करडे, ३.२० मी., दर १९०: ६०८.००.
अस्तर १.५० मी., दर २८: ४२.००.
बटणे, दोरा, खांद्याचे भरण: २१.५०.
युरिकोंना आगाऊ: २०.००.
एकूण खर्च ६९१.५०. शिल्लक ५८.५०, दोना ग्रासिंदांकडे दिले.
शिलाई: नाही.
तुमच्या कोट-पॅन्टला कापड लागले २.६० मी. उरले ०.६० मी. त्यात माझे जाकीट बसते, पाठ अस्तराची. त्या कापडाचे ११४.०० होतात. तुम्ही ते दिले आहे हे समजले, तरी लिहून ठेवले.
देणे: युरिकोंचे राहिलेले ३०.००, फोटो हाती आल्यावर. फोटो उभा, बूट दिसतील असा. नाड्या मी आधी बघून घेईन.